कागदाच्या पलीकडची बाई

कुमेदा योसाकुने उभ्या आयुष्यात केलेल्या भिंती सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. स्वतःच्या घरात त्याने एकच केली, तीही आडोशाला नव्हे. चित्र पाडायला.

क्योतोच्या निशिजिन भागात, जिथे दोन्ही बाजूंना विणकरांचे माग खडखडत असतात, तिथल्या एका अरुंद, लांबोळक्या घराच्या मागच्या खोलीत ती भिंत होती. आधी बांबूची जाळी. त्यावर पेंढा कुजवून मळलेली माती. ती पुरती वाळून तडकेपर्यंत हात लावायचा नाही. मग बारीक मातीचा दुसरा हात. मग चुना, त्यात समुद्री शेवाळाची खळ आणि तागाचे तंतू. चुना ओढ धरू लागला की थापी दाबून फिरवायची. लवकर फिरवली तर पापुद्रा सुटतो, उशीर झाला तर थापीचा वण राहतो. योसाकुने ती भिंत दोनदा खरवडून काढली आणि तिसऱ्यांदा मनासारखी केली. तिच्यावर हात कुठे थांबला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"गिऱ्हाइकांच्या भिंती अशा केल्या असत्यात तर आज आपलं दुमजली घर असतं," त्याची बायको हात्सुए म्हणायची.

"गिऱ्हाइकाला एवढं कळत नाही."

"आणि तुमच्या त्या बायांना कळतं वाटतं?"

बाया म्हणजे पट्ट्यांवरच्या. योसाकु मुक्या सिनेमाचे तुकडे गोळा करायचा.

ते चित्रपट अख्खे असे आता कुठे फारसे उरलेले नाहीत. भूकंपात गेले, आगीत गेले, लढाईत गेले. उरले ते चांदी काढण्यासाठी वितळवले. पण थिएटरात झिजलेली रिळं दुकानदार विकत घ्यायचे, कात्रीने तुकडे करायचे आणि हाताने फिरवायच्या खेळण्यातल्या यंत्राबरोबर मुलांना विकायचे. घरातला एखादा पोरगा दांडी फिरवायचा, बाकीचे समोर बसायचे, आणि जेमतेम चहाचा घोट गिळून होईपर्यंत चित्र संपायचं. जे वाचलं ते असं वाचलं, मुलांच्या डब्यात. त्यामुळे उरली ती तलवारबाजी, घोडदौड, छपरावरून उड्या. मुलं तेच मागायची. चित्रपटात त्याआधी काय होतं, नंतर काय झालं, कोण कोणावर का धावून आला, हे सांगणारा निवेदक पडद्याशेजारी उभा राहायचा. तो मेला आणि गोष्टही त्याच्याबरोबर गेली.

राहिली ती नुसती माणसं. कोणीतरी जिना चढतो आहे. कोणीतरी दार उघडून दचकतो आहे. का, ते कोणालाच माहीत नाही. डबा उघडला की आंबूस, कापरासारखा वास यायचा. योसाकु कडेची फाटकी भोकं पातळ कागदाने डकवायचा, आक्रसलेली पट्टी यंत्राच्या दातांवर बसेल इतपत सरळ करायचा, यंत्रात स्वतः बसवलेला मंद दिवा लावायचा आणि हळूहळू दांडी फिरवायचा. भिंतीवर एक माणूस जिवंत व्हायचा, दचकायचा आणि विझायचा. पुन्हा फिरवलं तर पुन्हा तितकाच दचकायचा. ज्याला या गोष्टीची एकदा चटक लागली त्याची सुटत नाही, हे तेन्जिन देवळाच्या बाजारात येणाऱ्या त्याच्यासारख्या चार-पाच म्हाताऱ्यांकडे पाहून कळायचं. पण ते शोधायचे मोठा नट, नावाजलेला चित्रपट. योसाकु एकच पट्टी शोधत होता.

तेन्जिनच्या बाजारातला तोगावा, जुन्या भांड्याकुंड्यांत पट्ट्याही ठेवणारा, त्याला लांबूनच हाक मारायचा. "मिस्त्री! आज तुमची मेलेली बाई नाही हो आली. हा बघा, एक लठ्ठ दरोडेखोर आलाय, चालेल का?"

"त्याला ठेव तुझ्या बायकोसाठी," योसाकु म्हणायचा. पण दरोडेखोराचा डबासुद्धा उघडून, पट्टी उजेडाकडे धरून, शेवटच्या चौकटीपर्यंत बघितल्याशिवाय तो हलायचा नाही.

त्याला हवी असलेली बाई अशी होती. नदीकाठचा बांध. डाव्या हाताला दगडी दिवा. दुरून एक बाई चालत येते, जवळ येते, थांबते, मान वळवून मागे बघते. मग समोर तोंड करून कमरेत वाकून नमस्कार करते, घरातून निघताना करतात तसा. आणि तिच्या अंगावरच्या किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर असते.

असा किमोनो जिवंत माणूस नेसत नाही. प्रेताला नेसवतात.

ही बाई योसाकुने सात वर्षांचा असताना पाहिली होती. त्याची आई तेव्हा छातीच्या दुखण्याने नदीपलीकडच्या इस्पितळात होती, बाप तिच्याजवळ होता, आणि घरात योसाकु, त्याची थोरली बहीण शिमे आणि एक आत्या एवढेच. त्याला गोवर आला होता. ताप इतका की चटईच्या रेघा हलताना दिसायच्या. त्या संध्याकाळी शिमेने त्याला खेळण्यातल्या यंत्रावर चित्र दाखवलं. कागदी सरकत्या दारावर ती बाई आली, थांबली, वाकली. पहाटे इस्पितळातून माणूस आला. आई गेली होती.

आईला घरी आणून निजवलं तेव्हा योसाकुला दारातून बघू दिलं. पांढरा किमोनो, उजवी बाजू वर. तो मोठ्याने म्हणाला, "काल आली होती तेव्हा पण आईने असंच नेसलं होतं."

आत्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. बापाने मान खाली घातली. शिमे नंतर त्याला न्हाणीघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "ते चित्र होतं. आणि चित्रातल्या बाईने तसं नेसलेलं नव्हतं. परत बोललास तर बघ."

पुढच्या आठवड्यात दुखण्याच्या घरातल्या वस्तू म्हणून बापाने बरंच काही जाळलं. त्यात ते यंत्र आणि पट्ट्यांचा डबाही गेला.

म्हणजे हिशेब साधा होता. मेलेल्यासारखं नेसलेल्या बाईची पट्टी जगात कुठेतरी असेल, भुताच्या एखाद्या चित्रपटातली, तर त्या संध्याकाळी त्याने चित्र पाहिलं. तशी पट्टीच नसेल तर आई आली होती. पोरगा जागा असताना, निरोप घ्यायला. योसाकु गवंडी झाला, लढाईवर गेला, परत आला, लग्न केलं, दोन मुली उजवल्या, आणि या सगळ्या काळात महिन्यातून एकदा तेन्जिनच्या बाजारात जाऊन पट्ट्या उजेडाकडे धरत राहिला. सापडावी असं त्याला वाटत होतं की सापडू नये असं, हे हात्सुएने एकदा विचारलं होतं. त्याने थापी घासायला घेतली.

एकदा तो फार जवळ गेला होता. तोगावाच्या बापाच्या काळात, एका मोडक्या डब्यात, एक पट्टी मिळाली. बांध, दगडी दिवा, चालत येणारी बाई. घरी येऊन त्याने हात न धुता ती भिंतीवर पाडली. दिवा उजव्या हाताला होता. बाई आली, थांबली, मागे वळून पाहिलं, पट्टी संपली. नमस्कार नाही. किमोनोची डावी बाजू वर, तुम्ही-आम्ही नेसतो तशी. चांगली जिवंत बाई.

"ही नव्हे," तो म्हणाला.

हात्सुए मागे उभी होती. "मान बघा तिची. बाप्या आहे तो. तेव्हा बायांची कामं बाप्येच करायचे ना? अरे देवा, म्हणजे इतकी वर्षं हा माणूस एका बाप्याच्या मागे लागलाय!"

पट्टी डब्यात गेली, डबा फडताळात तळाशी गेला.

सम्राट आजारी होते त्या वर्षीच्या शरदात शिमे त्याच्याकडे राहायला आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता तळ्याकाठचं ओत्सुचं घर मोडून ती मुलाकडे नागोयाला चालली होती. कायमची. पाठीत अर्धी वाकली होती, पण जीभ सरळ होती.

"हात्सुए, हा अजून जेवताना बोलत नाही का गं?"

"बोलतात की. 'मीठ' म्हणतात."

"लहानपणी नुसता बडबड्या होता. तोंड दाबावं लागायचं."

 योसाकुने मुळ्याचं लोणचं तिच्यापुढे सरकवलं.

शिमे या घरी अनेकदा आली होती, पण मागच्या खोलीत कधी गेली नव्हती. कोणी चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी हात्सुए बाजारात गेली, आणि शिमे आपणहून म्हणाली, "दाखव तरी. जन्मभर काय साठवलंयस ते बघू दे. नागोयाहून काही मी आता येत नाही."

योसाकुने लाकडी झडपा लावून खोलीत अंधार केला, तिला पाट दिला, यंत्र मांडलं. दिवा लागला आणि भिंत उजळली. शिमेने भिंतीकडे बघितलं, उठली, जवळ जाऊन तळहाताने चाचपली.

"ही तू केलीस?"

"हो."

"मऊ आहे. पण भिंत कशाला? भिंतीवर तुला ती त्या दिवशीची बाई कशी दिसणार?"

"का? यापेक्षा पांढरं काय असतं?"

"पांढऱ्याचं नाही रे. भिंतीच्या पलीकडे कोणाला बसता येतं का?"

योसाकुचा हात दांडीवर होता, तो तिथेच राहिला. "पलीकडे कशाला?"

"तू पलीकडे होतास ना." शिमे त्याच्याकडे बघत राहिली, जणू तोच काहीतरी विचित्र बोलत होता. "तुला गोवर होता. आत यायची मला बंदी होती. तू आत रडत होतास, मी बाहेर. म्हणून तर मी दारावर पाडलं. बाहेरून. तू आतून बघितलंस."

योसाकु उठला नाही. काही वेळ तो यंत्राच्या पितळी चाकावरची धूळ बोटाने पुसत होता. मग त्याने दोन्ही हात समोर धरले, डावा उजव्यावर, आणि मनातल्या मनात कागदाच्या मागे जाऊन पाहिले. उजवा वर आला. दगडी दिवा एका हाताचा दुसऱ्या हाताला गेला.

एवढंच होतं: कागदामागून डावं ते उजवं. थापी कुठल्या कोनात धरावी हे झोपेत सांगणाऱ्या माणसाला हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं. तो स्वतः दाराच्या पुढे बसलाय असंच त्याला वाटत आलं होतं. तापातल्या पोराला मागची बाजू, पुढची बाजू काय कळणार? आणि भिंत, दोनदा खरवडलेली, तिसऱ्यांदा साधलेली ती भिंत, तिनेच त्या बाईला इतकी वर्षं दारात उभं केलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? आणि मी तुला बजावलं होतं, परत बोलायचं नाही. तूही जन्मभर पाळलंस. गाढवा."

फडताळाच्या तळातला डबा काढायला त्याला वेळ लागला. झाकण निघेना. निघालं तेव्हा वास नेहमीचा नव्हता, कुजका, गोडसर होता. पट्टी कडांना तपकिरी पडली होती आणि बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटले होते. योसाकुने ते सोडवले. जोर लावला तर चित्र एका वेढ्यावरून दुसऱ्यावर उतरतं, म्हणून श्वासाची वाफ देत, बांबूच्या पातळ पात्याने, नखभर सोडवायचं आणि थांबायचं. बाहेर मागांची खडखड थांबली, पुन्हा सुरू झाली. हात्सुए येऊन चहा ठेवून गेली. शिमे पाटावर बसून होती.

"एकदा फिरेल," तो शेवटी म्हणाला. "फार तर."

मग त्याने यंत्र उचलून पुढच्या खोलीत नेलं, मधलं कागदी दार ओढून घेतलं आणि यंत्राचं तोंड दाराकडे केलं.

"दांडी तू फिरव, ताई."

"माझे हात थरथरतात."

"तेव्हाही थरथरत असतील."

ती यंत्राशी सरकून बसली. त्याने पट्टी चढवली, दिवा लावला आणि दाराच्या पलीकडे, अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. मग उगाच आडवा झाला. गाल चटईला लागल्यावर चित्र वरती दिसलं, जसं तेव्हा दिसलं होतं.

यंत्र करकरलं. कागदावर बांध आला. दगडी दिवा डाव्या हाताला होता.

बाई दुरून येत होती. कागदाच्या तंतूंमुळे तिला एक धुरकट साल आली होती, ती भिंतीवर कधी नव्हती. किमोनोची उजवी बाजू वर. ती जवळ आली, ती हीच, हीच मान, हीच चाल. ती थांबली. मान वळवून मागे पाहिलं. कड तडकल्याचा बारीक आवाज आला आणि कागद कोरा पांढरा झाला.

तो वाट बघत होता. कागद पांढराच राहिला.

"तुटली रे," बाहेरून शिमे म्हणाली. "शेवटी शेवटी तुटली."

योसाकु दार सरकवून बाहेर आला. पट्टी यंत्राच्या तोंडाशी चुरा होऊन पडली होती. त्याने तिकडे बघितलं नाही.

"ताई, आपल्या पट्टीत ती पुढे वाकते ना? समोर बघून नमस्कार करते?"

"नाही."

"नीट आठव. ही दुसरी प्रत आहे. दुकानदार कुठेही कापायचे. आपली लांब असेल."

"आपली इथेच संपायची. वळून बघायची, संपायची." शिमेने हात मांडीवर ठेवले. "मला आठवायला नको योसा, ती किती वेळा पाहिली ते मोजलेलं नाही एवढंच. आई आजारी पडायच्या आधी आम्ही दोघी दुकानात गेलो होतो. सगळी पोरं तलवारी घेत होती. आईने ही घेतली. दुकानदार हसला, म्हणाला ही कोणी नेत नाही, फुकट न्या. मी रुसले. आई म्हणाली, बघ तरी, ही कुठेतरी घरी चालली आहे. मग मी रोज फिरवायचे. ती कधी वाकली नाही."

"मग वाकलं कोण?"

 दिवा अजून चालू होता, यंत्राचा पत्रा तापल्याचा वास येत होता.

"त्या दिवशी पट्टी संपली," ती म्हणाली. "मी दिवा तसाच ठेवला, म्हटलं उजेड राहू दे तुला, अंधारात रडशील. मी इथे, यंत्रामागे बसून होते. हलले नाही. कागद असाच कोरा होता. आणि तू आतून बोललास. चांगला स्वच्छ, तापातलं बरळणं नाही. म्हणालास, 'बरं, ये जाऊन.'"

योसाकुने तिच्याकडे पाहिलं.

"असंच म्हणतो आपण, कोणी उंबऱ्याबाहेर पडताना," शिमे म्हणाली. "मला वाटलं आत्या आत गेली. आत्या स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर बोललास, तेव्हा मी तुला गप्प केलं. मला भीती वाटली होती. तुझी नव्हे. मी बाहेर होते ना. माझा कोणी निरोप घेतला नव्हता."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.  योसाकुने चहाची वाटी तिच्या हातात दिली. चहा गार झाला होता.

"थांब," तो म्हणाला. "दिवा तसाच ठेव जरा."

"आता काय बघणार? पट्टी संपली."

"नुसता दिवा."

तो पुन्हा आत गेला, दार ओढलं आणि आडवा झाला. वर कोरा पांढरा कागद. आता त्याला सगळं माहीत होतं: दिव्याची बाजू, किमोनोची बाजू, पट्टी कुठे संपते. राहिलं होतं ते एवढंच, वाकलं कोण, आणि ते या कागदाइतकंच रिकामं होतं. तो बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी हलवली नाही. कोणी आलं नाही.

पलीकडे शिमे उठली असावी. गुडघ्यांचा आवाज आला, वाटी ठेवल्याचा आवाज आला. पत्रा फार तापला म्हणून ती दिवा मालवायला यंत्राला वळसा घालून पुढे आली, आणि तिची सावली कागदावर पडली. कमरेत वाकलेली, लहानखुरी, कडा नसलेली. ती बटण शोधायला आणखी वाकली.

"बरं," योसाकु म्हणाला. "ये जाऊन."

सावली होती तिथेच थांबली. मागांची खडखड दोन्ही बाजूंनी चालू होती.

"मी आहे रे, योसा," पलीकडून आवाज आला. "मी."

"माहीत आहे, ताई."

पण तिने दिवा मालवला नाही, आणि तोही उठला नाही. बराच वेळ ती तशीच वाकून उभी होती, आणि तो खालून तिच्याकडे बघत होता.